थंडीच्या लाटेत पिकाच्या पेशीतील पाणी जपा: दहिवराच्या रात्रींसाठी कृषी सल्ला

आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असताना रात्रीचे तापमान झपाट्याने उतरू लागते, तेव्हा उभ्या पिकाला सर्वाधिक धोका त्याच्याच अंगातील पाण्यापासून असतो. हिरव्या पानाच्या वजनात साधारणपणे ८० ते ९० टक्के पाणी असते. ते पाणी कुठे गोठते, किती वेगाने गोठते आणि गोठताना पेशीतील प्रथिने, मेद व शर्करा यांचे काय होते, यावर पीक वाचणार की काळे पडणार हे ठरते. थंडीपासून संरक्षणाचे उपाय बहुतेक शेतकऱ्यांना ठाऊक असतात. मात्र त्यांतील कोणता उपाय कोणत्या रात्री उपयोगी पडतो आणि कोणत्या रात्री उलट नुकसान करतो, हे पाण्याचे गुणधर्म लक्षात घेतल्याशिवाय ठरवता येत नाही.

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एक अणू आणि हायड्रोजनचे दोन अणू असतात. ऑक्सिजनच्या बाजूला किंचित ऋण आणि हायड्रोजनच्या बाजूला किंचित धन भार असल्यामुळे शेजारचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात. हे बंध सैल करायला बरीच उष्णता लागते, म्हणून पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते. गोठताना मात्र हेच रेणू मोकळ्या जाळीदार रचनेत बसतात आणि बर्फ मूळ पाण्यापेक्षा सुमारे ९ टक्के अधिक जागा व्यापतो. पानात बर्फाचे पहिले स्फटिक बहुधा पेशींच्या बाहेर, दोन पेशींमधल्या पोकळीत तयार होतात, कारण तिथल्या पाण्यात क्षार आणि शर्करा कमी विरघळलेल्या असतात. हा बाहेरचा बर्फ पेशीतील पाणी बाहेर ओढून घेतो. त्यामुळे पेशी आक्रसते, आतील क्षारांची तीव्रता वाढते आणि प्रथिनांची घडी बिघडू लागते. पेशीपटल (पेशीभोवतीचा पातळ पडदा) फाटले की पेशी मरते. सकाळी ऊन लागल्यावर पाने उकडल्यासारखी, पाणी सुटलेली आणि काळपट दिसतात, ती फाटलेल्या पटलातून रस बाहेर आल्यामुळे.

तापमान शून्याच्या बरेच वर असतानाही काही पिके थंडीने आजारी पडतात, त्याचे मूळ मेदांमध्ये आहे. पेशीपटल मुख्यतः मेदरेणूंच्या दुहेरी थराचे बनलेले असते. त्यातील संतृप्त मेदाम्लांच्या सरळ साखळ्या थंडीत एकमेकींना घट्ट चिकटतात, तर असंतृप्त मेदाम्लांच्या साखळ्यांना बाक असल्याने पटल लवचिक राहते. गहू, हरभरा, कोबी यांसारखी थंड हवामानाची पिके हळूहळू वाढणाऱ्या थंडीत आपल्या पटलातील असंतृप्त मेदाम्लांचे प्रमाण वाढवतात. केळी, टोमॅटो, काकडी, वांगी यांना हे फारसे जमत नाही, त्यामुळे १० ते १२ अंश सेल्सिअसच्या खाली बराच काळ राहिल्यास त्यांची पटले गळकी होतात, वाढ थांबते आणि फळांवर डाग पडतात. अशा पिकांसाठी दहिवराची (पानांवर गोठणाऱ्या दवाची) वाट न पाहता आधीच आच्छादनाची सोय करावी.

पिकाला थंडीसाठी तयार होण्यास काही दिवस लागतात. या काळात थंडीला प्रतिसाद देणारी जनुके जागी होतात, त्यांच्या सूचनांप्रमाणे संरक्षक प्रथिने बनतात आणि पिष्टाचे काही प्रमाणात शर्करेत रूपांतर होते. विरघळलेली शर्करा पेशीतील पाणी धरून ठेवते आणि गोठणबिंदू खाली नेते. एक किलो पाण्यात शर्करेसारख्या, विरघळताना भारित कणांत न तुटणाऱ्या पदार्थाचा एक मोल (रेणूंची एक ठरावीक संख्या) विरघळला, तर गोठणबिंदू फक्त १.८६ अंशांनी उतरतो. म्हणजे शर्करेमुळे मिळणारे संरक्षण मर्यादित असते. पाणी कमी होत असताना पटले आणि प्रथिने सांभाळणे, हे तिचे काम त्याहून मोलाचे आहे. ही तयारी प्रकाशसंश्लेषणावर अवलंबून असल्याने रोग, कीड किंवा पाण्याच्या ताणाने आधीच खंगलेले पीक थंडीतही प्रथम बळी पडते.

याच कारणामुळे थंडीची लाट अपेक्षित असताना नत्राचा (नायट्रोजन खताचा) जादा हप्ता देणे टाळावे. नत्राने कोवळी, पातळ भित्तीची, पाण्याने भरलेली फूट येते आणि तिच्या पेशींना तयारीची संधी मिळत नाही. पालाश (पोटॅश) पेशीतील पाण्याचा तोल राखते, म्हणून त्याची कमतरता माती परीक्षणानुसार हंगामाच्या सुरुवातीलाच भरून काढावी. लाट दारात आल्यावर केलेली फवारणी ती उणीव भरून काढू शकत नाही. थंड जमिनीत मुळांची स्फुरद (फॉस्फरस) घेण्याची क्षमता मंदावते आणि पाने जांभळट दिसू लागतात. जमिनीत स्फुरद पुरेसे असेल, तर ऊब आल्यावर हा रंग आपोआप जातो. घाईने खत टाकण्याची गरज नसते.

हवामान अंदाजातील तापमान जमिनीपासून साधारण दीड ते दोन मीटर उंचीवरील, सावलीतील हवेचे असते. शांत आणि निरभ्र रात्री पान आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते आणि त्या हवेपेक्षा काही अंशांनी थंड होते. म्हणून अंदाज ३ ते ४ अंशांचा असला, तरी पानावर दहिवर पडू शकते. शेतातील सर्वांत सखल भागात, पिकाच्या उंचीवर एक तापमापी टांगावा, कारण जड थंड हवा तिथेच साचते. सर्वांत कमी तापमान बहुधा सूर्योदयाच्या सुमारास असते, हे ध्यानात घेऊन रात्रीच्या कामाचे नियोजन करावे.

जमिनीतील ओल हा माझ्या मते सर्वांत भरवशाचा उपाय आहे. पाण्याची उष्णता साठवण्याची क्षमता कोरड्या मातीच्या खनिजांच्या सुमारे पाचपट असते. ओली जमीन दिवसा उष्णता खोलवर घेते आणि रात्री ती सावकाश परत देते. त्यासाठी थंडीच्या लाटेच्या एक-दोन दिवस आधी हलके पाणी देऊन वरचा सुमारे ३० सेंटिमीटरचा थर ओलसर करावा. पाणी साचू देऊ नये, कारण साचलेल्या पाण्यात मुळांना ऑक्सिजन मिळत नाही आणि ती अधिक कमजोर होतात. या काळात ओळींमधली जमीन नांगरून किंवा खुरपून मोकळी करू नये, कारण भुसभुशीत कोरडा थर उष्णता वर येऊ देत नाही. काडी-कचऱ्याचे जाड आच्छादनही दिवसाचे ऊन मातीपर्यंत पोहोचू देत नाही, म्हणून ठेंगण्या पिकांमध्ये ते तात्पुरते बाजूला करणे हिताचे ठरते.

तुषार सिंचनाबाबत मात्र विशेष सावधगिरी हवी. एक ग्रॅम पाणी गोठताना सुमारे ८० कॅलरी उष्णता बाहेर टाकते आणि ती पानाला मिळाल्यास त्याचे तापमान शून्याच्या आसपास टिकून राहते. तेच एक ग्रॅम पाणी बाष्प होताना सुमारे ६०० कॅलरी शोषून घेते. हवा कोरडी किंवा वाहती असेल, तर एका ग्रॅमच्या बाष्पीभवनाने सुमारे साडेसात ग्रॅम पाणी गोठून मिळालेली उष्णता खर्ची पडते आणि पान सुरुवातीपेक्षा अधिक थंड होते. म्हणून शांत रात्रीच तुषार संच वापरावा, तापमान शून्याला पोहोचण्यापूर्वी तो सुरू करावा आणि सकाळी पानांवरचा बर्फ वितळेपर्यंत अखंड चालू ठेवावा. वीज किंवा पाणी मध्येच खंडित होण्याची शक्यता असेल, तर तो सुरूच करू नये. अर्धवट सोडलेली फवार ही अजिबात न केलेल्या फवारणीपेक्षा अधिक घातक असते.

धूर करण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे, तरी धुराचे कण जमिनीतून निघणारी उष्णता अडवण्यास फार अपुरे पडतात आणि श्वसनाला त्रास होतो तो वेगळाच. गोठणबिंदू खाली नेण्यासाठी युरियाची फवारणी करण्याचा सल्लाही दिला जातो. २ टक्के युरियाच्या द्रावणाचा गोठणबिंदू जेमतेम ०.६ अंशाने उतरतो आणि तोही पानावरच्या थेंबापुरता, पेशीच्या आत नव्हे. रोपवाटिका आणि भाजीपाल्यासाठी संध्याकाळी घातलेले कापडी आच्छादन याहून निश्चित उपयोगी आहे, मात्र ते पानांना टेकू देऊ नये आणि सकाळी ऊन आल्यावर काढावे.

दहिवर पडलेल्या सकाळी बर्फ पूर्ण वितळेपर्यंत शेतात फिरू नये आणि भाजीपाल्याची तोडणी करू नये, कारण गोठलेली पाने स्पर्शानेही मोडतात. काळी पडलेली फांदी लगेच छाटू नये. जिवंत आणि मृत भागाची सीमा स्पष्ट व्हायला काही दिवस लागतात आणि मृत पाने पुढच्या रात्री खालच्या डोळ्यांना (न फुटलेल्या कोंबांना) थोडा आडोसा देतात. फुटलेल्या पेशींतून आलेला शर्करायुक्त रस बुरशी व जिवाणूंना आयते खाद्य होतो, म्हणून पुढील काही दिवस पिकाची रोज पाहणी करावी.

फुलोऱ्यात दहिवर सापडलेल्या गव्हात परागकण निकामी होऊन ओंब्या पोकळ राहू शकतात, तर दाणे दुधाळ अवस्थेत असताना त्यांतील भरपूर पाणी गोठून अंकुर मरू शकतो. पूर्ण वाळलेल्या, १० ते १२ टक्के ओलाव्याच्या दाण्यात गोठण्याजोगे मोकळे पाणीच नसल्यामुळे तो थंडीत सुरक्षित राहतो. दहिवर लागलेल्या पट्ट्यातील धान्य मळणीनंतर वेगळे ठेवावे आणि त्यातील १०० दाणे ओल्या कापडात ठेवून उगवण तपासल्याशिवाय ते पुढील हंगामात बियाणे म्हणून वापरू नये.