जुना ट्रक : स्लोवर धडधड आणि मिणमिणता इंडिकेटर

आमचा सहाचाकी जुना, मेकॅनिकल (विजेशिवाय चालणाऱ्या) डिझेल पंपाचा. सकाळी स्लोवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) इंजिन हलायचं, मध्येच बंद पडायचं. शिवाय ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मिणमिणायचा. मूळ एकच असणार, असं सगळे म्हणत होते. पण असल्या डिझेल इंजिनला चालू राहायला वीज लागतच नाही, म्हणून मी दोन्ही रोग वेगळे धरले.

डिझेल फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू (अडकलेली हवा सोडायचा) सैल करून हातपंप मारला, तर फेसच आला. म्हणजे डिझेलची लाईन एअर (हवा) घेत होती. टाकीकडच्या जोडाची तांब्याची वॉशर चपटी झालेली. ही ओढीची बाजू, म्हणजे इथून पंप डिझेल ओढतो, असल्याने डिझेल गळत नाही, हवा आत जाते. वरून सगळं कोरडं ठणठणीत. वॉशर बदलून एअर काढली. मग चालू इंजिनवर एकेका नोझलचा (इंजिनात डिझेल फवारणारा) पाइप-नट जरा ढिला केला (हात लांबच ठेवा, फवारा कातडीत घुसतो). एका ठिकाणी आवाज बदललाच नाही, म्हणजे तो नोझल नीट काम करत नव्हता. तो नोझल टेस्टिंगला दिला.

इंडिकेटरसाठी मल्टिमीटर. ब्रेक दाबून मागच्या दिव्याची बॉडी ते बॅटरीचा निगेटिव्ह मोजलं : 5 व्होल्ट! तिथे जवळपास शून्य हवं. अर्थिंगच्या (दिव्याची निगेटिव्ह बाजू बॉडीला जोडणाऱ्या) बोल्टखाली रंग आणि गंज होता. घासून आवळला, मिणमिण गेली. अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) 28 व्होल्ट नीट देत होता. तोच बदलायचा सल्ला मात्र फुकट मिळाला होता.