वृद्धाश्रमातल्या हेळसांडीची तक्रार कशी करावी

वृद्धाश्रमाबद्दल तक्रार आहे म्हटलं की लोक दोनच सल्ले देतात. एक, ‘सोडा हो, कुठं नादी लागताय’. दुसरा, ‘थेट कलेक्टरकडे जा’. दोन्ही ऐकू नका. माझी आत्या सहा वर्षं सोलापुरातल्या एका वृद्धाश्रमात होती. तिच्यासाठी आणि नंतर ओळखीच्या कितीतरी घरांसाठी मी असे अर्ज लिहिले आहेत.

मारहाण, कोंडून ठेवणं, पडून हाड मोडणं, शुद्ध हरपणं यातलं काही असेल तर अर्ज बाजूला ठेवा. 112 लावा, माणसाला सिव्हिलला न्या आणि जखम कुठं, केवढी हे डॉक्टरांकडून कागदावर घ्या.

बाकी सगळ्यासाठी एक वही करा. तारीख, वेळ, डोळ्यांनी दिसलं तेवढंच. ‘जेवण वाईट’ असं लिहू नका, ‘दुपारी 1 वाजता कडक भाकरी, न भिजवता, दात नाहीत, ताट तसंच परत गेलं’ असं लिहा. वजन दर महिन्याला एकाच काट्यावर करा. 50 किलोचं माणूस महिन्यात अडीच किलो उतरलं तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या टाचा आणि माकडहाड प्रत्येक भेटीत बघा. लाल डाग बोटानं दाबूनही फिका पडत नसेल तर ती जखमेची सुरुवात असते. सावळ्या अंगावर लाली कळत नाही. तिथं हात लावून बघा, भोवतीच्या कातडीपेक्षा गरम किंवा टणक लागतं. ‘नळाला पाणी नव्हतं’ हे कारण आपल्या शहरात हमखास ऐकायला मिळेल. आंघोळ चुकली तर एक वेळ मान्य करा, उशाचा तांब्या रिकामा असला तर मुळीच नाही.

आता अवघड भाग. इथं मी स्वतः चुकले आहे.

आत्याला रात्री दोनदा उठावं लागायचं. हाक मारूनही कुणी यायचं नाही आणि ती ओल्या अंथरुणात पडून राहायची. मला कळलं तसं मी रविवारी भेटीच्या वेळेत ऑफिसात जाऊन तावातावानं बोलले. व्यवस्थापकांनी रात्रपाळीच्या मावशीला बोलावलं, आत्यासमोर माफी मागायला लावली. काम झालं असं समजून मी घरी आले. पुढच्या रविवारी आत्याची जीभ कोरडी पडलेली, ओठांना भेगा. मे महिना होता. ती काही बोलेना. शेजारच्या खाटेवरच्या तेलुगू अक्कांनी मोडक्या मराठीत सांगितलं की चार वाजल्यानंतर ही पाणीच पीत नाही, रात्री कुणाला हाक मारायला लागू नये म्हणून. तिच्यावर कुणी हात उगारला नव्हता. ‘आता सांगा की तुमच्या भाचीला’ एवढंच कुणीतरी म्हणालं होतं.

म्हणून तक्रारीच्या आधी त्या माणसाशी एकट्यानं बोला. खोलीत नाही, कर्मचाऱ्यांच्या देखत तर नाहीच. चालता येत असेल तर सिद्धेश्वर तलावाच्या कडेला घेऊन जा, नाहीतर अंगणात खुर्ची टाका. ‘त्रास देतात का?’ असं विचारू नका, त्याला ‘बरं चाललंय’ हेच उत्तर येतं. काल रात्री कितीदा उठलीस? हाक कुणाला मारलीस? कोण आलं, किती वेळानं? असे बारके प्रश्न विचारा. ज्यांना तेलुगू किंवा कन्नडच नीट येतं त्यांच्यासाठी दुभाषा घरचा आणा. ज्यांच्याविरुद्ध बोलायचं त्यांच्याच माणसाला मधे बसवणं हा अन्याय आहे. विसरभोळेपणा वाढला असला तरी त्यांचं बोलणं झटकून टाकू नका. तारीख चुकेल, पण एखादी मावशी जवळ आली की अंग आक्रसून घेतात का, ते बघा.

मग विचारा, तुला काय हवंय? मला त्या मावशीला काढून टाकायला हवं होतं. आत्याला हवी होती खाटेजवळ कमोडची खुर्ची, एवढंच. त्या मावशीचं तिला वाईटच वाटत होतं, कारण रात्री सगळ्या मजल्याला ती एकटी असायची. रात्रपाळीला माणसं कमी ठेवणं हा चालवणाऱ्यांचा दोष आहे, राबणाऱ्या बाईचा नाही. अर्जात हेच लिहा. आणि माणूस ‘नको’ म्हणालं, तर जिवाला धोका नसेल तिथं त्याच्या नावानं तक्रार करू नका. दोन-तीन कुटुंबं मिळून, कुणा एकाचं नाव न घेता अर्ज द्या.

अर्ज एक पानाचा. काय घडलं, कधी, काय हवंय, किती दिवसांत. व्यवस्थापकांना एक, संस्थेच्या सचिवांना एक. आपल्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय उठू नका. नुसत्या व्हॉट्सअ‍ॅपवर विसंबू नका.

आठवड्यात उत्तर नाही आलं तर वर जा. ‘प्रांताकडे दावा टाका’ हा सल्ला सर्रास मिळतो, पण 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातलं प्रांतांपुढचं (उपविभागीय अधिकाऱ्यांपुढचं) ते न्यायाधिकरण मुख्यतः मुलांकडून निर्वाहखर्च मिळवण्यासाठी आहे. आश्रमातल्या जेवणाचा निवाडा करायला नाही. आश्रम सरकारी अनुदानावर असेल तर समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे जा. तपासणीचा अहवाल माहितीच्या अधिकारात 10 रुपये भरून मागता येतो, उत्तराची मुदत 30 दिवस. सार्वजनिक न्यास असेल तर धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय. पैसे भरून राहत असतील तर ग्राहक आयोग. मुदत 2 वर्षं, आणि भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. त्यासाठी पावतीवर ‘निवास व भोजन शुल्क’ असं लिहून घ्या. ‘देणगी’ लिहिलेली पावती घेऊ नका. समोरचा वकील पहिल्यांदा त्याच शब्दावर बोट ठेवेल. तक्रारदार बाई असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. कुठं जावं हेच कळत नसेल तर ज्येष्ठांसाठीचा 14567 हा क्रमांक लावा.

कुठल्याही अर्जानंतर पहिले पंधरा दिवस भेटी वाढवा, आणि रविवारच्या ठरल्या वेळेला नको. रात्रीच्या जेवणाला जा. आत्याची खुर्ची पाचव्या दिवशी आली. तरी मी रोज संध्याकाळी जाऊन तांब्या उचलून बघत होते. आठव्या दिवशी तो निम्मा झाला होता.