जमीनवापर बदलला की वस्ती कशी सरकते : एका गावाचा अभ्यास करण्याची पद्धत

अभ्यासासाठी शहर किंवा तालुका न घेता एकच महसुली गाव, म्हणजे महसूल दप्तरात स्वतंत्र शीव असलेले गाव, घ्यावे. पुणे महानगरपालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. अशा ठिकाणी पालिकेच्या हद्दीवर विसंबल्यास मागचे-पुढचे आकडे जुळत नाहीत, महसुली गावाची शीव मात्र सहसा तशीच राहते. मुळशी तालुक्यातील हिंजवडी किंवा माण ही चांगली उदाहरणे आहेत, कारण शेती, आयटी पार्क आणि जुने गावठाण तिथे एकाच शिवारात सापडतात.

प्रथम भूमी अभिलेख कार्यालयातून गटनिहाय (गट म्हणजे क्रमांक दिलेला जमिनीचा तुकडा) गाव नकाशा मिळवून त्यावर गावठाण, ओढे, विहिरी, गायरान आणि शिवरस्ते रंगवावेत. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावरून जुनी घरे कोठे होती ते त्यावर उतरवावे. मग गूगल अर्थवरील जुनी चित्रे पाच-पाच वर्षांच्या अंतराने पाहून प्रत्येक गटात बांधकाम प्रथम केव्हा दिसते ते नोंदवावे. लँडसॅट उपग्रहांच्या ३० मीटर तपशिलाच्या चित्रांवरून वाढीची दिशा कळते, पण सुटे घर ओळखता येत नाही.

खरे काम कागदपत्रांत आहे. गाव नमुना दोन या तलाठ्याच्या नोंदवहीत बिनशेती जमिनींची नोंद मिळते, परंतु केवळ तिच्यावर थांबू नये. माझ्या मते बदलाची पहिली खूण सातबाऱ्याच्या बाराव्या नमुन्यात, म्हणजे पिकांच्या नोंदीत, शोधावी : बागायती गटात सलग काही वर्षे ‘पड’ लागलेली असेल आणि त्याच काळात फेरफारात (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदवहीत) खरेदीच्या नोंदी वाढलेल्या असतील, तर बांधकाम दिसण्याआधीच ती जमीन शेतीतून सुटू लागली आहे असे समजण्यास आधार मिळतो. (पड पावसाअभावीही पडते, म्हणून शेजारचे गट ताडून पाहावेत.) जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४२-ड नुसार गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरपर्यंतच्या जमिनीला रहिवासी वापरासाठी सवलत आहे, त्यामुळे हा पट्टा नकाशावर वेगळ्या रंगाने दाखवावे, अन्यथा तिथली वाढ केवळ बाजारभावामुळे झाली असा समज होतो.

आता वस्तीची मांडणी वाचावी. देशावरची जुनी गावे बहुधा गावठाणात दाटलेली असत. विहिरीवर विजेचा पंप बसला किंवा कालवा आला की कुटुंबे मळ्यात राहायला जातात आणि वस्ती विखुरते. रस्ता रुंद झाला की दुकाने व गाळे त्याच्या दोन्ही कडांना ओळीने उभे राहतात. मोठा प्रकल्प आल्यावर मात्र घरे सलग पसरत नाहीत : मधले शेत तसेच राहून पलीकडे गृहसंकुल उभे राहते आणि जिथे मोठा सलग गट मिळत नाही तिथे गुंठेवारीचे, म्हणजे शेत तोडून केलेले गुंठ्या-गुंठ्याचे, प्लॉट पडतात. त्याच वेळी गावठाण रिकामे न होता आणखी दाटते, कारण स्थानिक मालक कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या चढवतात.

म्हणून शेवटी प्रत्यक्ष फेरी मारताना प्रत्येक नव्या घरापुढे मालक राहतो की भाडेकरू, आणि मालक गावचा आहे की बाहेरचा, हे विचारून गट क्रमांकासमोर लिहावे. उपग्रहाच्या चित्रात हे उमटत नाही आणि सातबाऱ्यावर भाडेकरूचे नाव नसते.