मे महिन्यातली वीट, जुलैतली वाळू: खानदेशात हवामान बघून बांधकाम

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि दीड महिन्यात साइटवरचा वाळूचा ढीग पावसात चिंब होतो. गवंडी तोच, १:६ चा (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) माल तोच. तरी उन्हाळ्यात बांधलेल्या भिंतीच्या दर्जा (विटांमधले सांधे) खिळ्याने उकरल्या जातात आणि पावसाळ्यातल्या गिलाव्याला जाळीसारखे तडे जातात. दोन्हीकडे घोळ पाण्याचा. उन्हाळ्यात वीट मालातलं पाणी ओढून घेते, पावसाळ्यात वाळू ते लपवून आणते.

आधी वीट. भट्टीची लाल वीट कोरडी लावली तर सिमेंट घट्ट व्हायला लागणारं पाणी तिच्या पोटात जातं आणि सांध्यात नुसती भुसभुशीत भुकटी उरते. तपासणी सोपी आहे. विटेवर पेन्सिलीने इंचभर व्यासाचं वर्तुळ काढा आणि त्यात ड्रॉपरने २० थेंब पाणी सोडा. दीड मिनिटाच्या आत ते जिरलं, तर वीट भिजवल्याशिवाय लावू नका. ढिगावर नळीने पाणी मारणं म्हणजे भिजवणं नव्हे, आतल्या विटा कोरड्याच राहतात. टाकीत बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा, मग बाहेर काढून निथळू द्या. लावताना वीट आतून ओली आणि वरून कोरडी हवी.

फ्लाय अ‍ॅशच्या विटेला हा नियम लावू नका. दीपनगरच्या वीज केंद्राची राख जवळ असल्याने भुसावळ भागात ही वीट खूप वापरली जाते, आणि जुन्या सवयीने तीही टाकीत टाकली जाते. चिंब झालेली ही वीट भिंतीत सुकताना आकसते आणि भिंत तडकते. लावण्याआधी हलकं शिंपडलं की पुरे. एएसी ब्लॉकचंही (हलक्या, सच्छिद्र सिमेंट ब्लॉकचंही) तसंच.

उन्हाळ्यात माल अर्ध्या गोणीचाच कालवा. एरवी पाणी टाकल्यापासून दोन तासांच्या आत माल संपवायचा असतो. मे महिन्याच्या उन्हात तासाभराच्या वर भरवसा ठेवू नका. घट्ट झालेल्या मालावर पुन्हा पाणी मारून थापी फिरवणं हा साइटवरचा सगळ्यात महागडा आळस. माल मऊ दिसतो, पण जमू लागलेलं सिमेंट मोडलेलं असतं. पाण्याचा ड्रम सावलीत ठेवून वर ओलं गोणपाट टाका, तापलेली घमेली पाण्यात बुडवून घ्या. काम सकाळी ६ ते ११ आणि नंतर साडेचारच्या पुढे. गिलावा करताना पश्चिमेची भिंत सकाळी आणि पूर्वेची दुपारनंतर घ्या, म्हणजे ताजा माल सावलीत राहतो.

पाणी मारणं सुरू कधी करायचं? गिलाव्यावर नखाची खूण उठेनाशी झाली की हलक्या फवाऱ्याने. दुसऱ्या दिवसाची वाट उन्हाळ्यात बघू नका. साध्या ओपीसी सिमेंटला किमान ७ दिवस आणि पीपीसीला (राख मिसळलेल्या सिमेंटला) किमान १० दिवस पाणी लागतं. उन्हाळ्यात आम्ही सरळ १४ धरतो. सकाळ-संध्याकाळ दोनदा नळी फिरवून भागत नाही. झळा चालू असल्या की भिंत तासाभरात पांढरी पडते. भिंतीवर गोणपाट सोडा आणि माथ्यावरून शेतातली जुनी ठिबकची नळी टाका. केळीच्या बागेतून निघालेली चालते. कमी पाण्यात गोणपाट दिवसभर ओलं राहतं आणि माणूसही अडकत नाही.

आता पावसाळा. दमट वाळू फुगते: कणांभोवती पाण्याचा पातळ थर बसून कण एकमेकांपासून लांब राहतात. ५ टक्क्यांच्या आसपास ओलावा असला तर वाळू २०-३० टक्के जास्त जागा व्यापते. किती फुगली ते मोजून घ्या. सरळ बाजूच्या डब्यात दमट वाळू न दाबता २० सेंटिमीटर भरा आणि काढून ठेवा. डबा अर्धा पाण्याने भरून वाळू परत टाका, काठीने ढवळा, बसू द्या. आता उंची १६ भरली, तर वाळू २५ टक्के फुगलेली होती. म्हणजे गोणीमागे ३५ लिटरच्या फर्म्याने (मापाच्या पेटीने) ६ ऐवजी साडेसात फर्मे घ्यायचे. नेहमीचे ६ टाकले तर माल प्रत्यक्षात १:५ च्याही पुढे तगडा होतो. सिमेंट वाया जातं आणि गिलावा आकसून तडकतो. शिवाय एवढ्या वाळूतून गोणीमागे साधारण १६ लिटर पाणी आलेलं असतं, तेवढं वरून कमी घाला.

पावसात चिंब झालेली वीट मालावर तरंगते, ओळंबा टिकत नाही. एरवी दिवसाला दीड मीटर भिंत चढवतात, पावसात एका मीटरवर थांबा. साडेचार इंची भिंत तर नक्कीच. काम थांबवताना माथ्यावर प्लास्टिक टाका, दोन्ही बाजूंना दोन फूट लोंबू द्या आणि विटांनी दाबा. पावसाने दर्जा धुतल्या असतील तर वरचे एक-दोन थर काढून परत लावणंच बरं.

सिमेंटच्या गोण्या फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर लांब आणि १० थरांपेक्षा उंच नकोत. गुठळी बोटांनी चुरली तर ठीक, नाही चुरली तर ती गोणी बाजूला काढा.

हिवाळा कामाला उत्तम. पहाटेच्या गारठ्यात माल उशिरा धरतो, एवढंच. दवाने भिंत ओली दिसते म्हणून पाणी मात्र बंद करू नका, दुपारची हवा कोरडीच असते.

काळ्या मातीत पाया खोदत असाल तर मुरूम लागेपर्यंत जा आणि पहिल्या पावसाआधी पाया भरून जोतं वर काढा. उघडा राहिलाच तर तळाचा चिखल खरवडून काढल्याशिवाय पीसीसी (तळाचं साधं काँक्रीट) टाकू नका. भिंतीवर मारलेलं पाणीही पायाशी साचू देऊ नका. काळी माती ते पिऊन फुगते आणि सुकल्यावर खाली बसते.