सोलापूरच्या उन्हाळ्यात पीसी शांत ठेवायचा तर
पंखे 120 ऐवजी 140 मिमीचे घ्या. तेवढीच हवा ते कमी फेऱ्यांत ढकलतात. गाणी, फोटोंच्या कामाला 65 वॅटचा प्रोसेसर आणि टॉवर कूलर (प्रोसेसरवर उभा बसणारा, पट्ट्या आणि पंखा असलेला कूलर) पुरतो. हार्ड डिस्कची घरघर नको, फिरते भाग नसलेली एसएसडीच घ्या. फोम लावलेली बंद 'सायलेंट' कॅबिनेट मात्र इथे उलटी पडते: मे महिन्यात पारा 42च्या आसपास, त्यात हवा कोंडली की पंखे बोंबलतात. कॅबिनेट पुढून जाळीचीच हवी. शेजारी यंत्रमाग असतील तर सुताची लव फिल्टरवर गोधडीसारखी बसते. दर पंधरा दिवसांनी फिल्टर काढून ब्रशने झाडा. बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये, प्रोसेसर 60 अंशांपर्यंत तापेतो पंख्यांचा वेग एकसारखा ठेवा. नाहीतर साधा ब्राउझर उघडला तरी घुंऽऽ करून चढतात, लगेच उतरतात. रेकॉर्डिंगमध्ये तीच चढउतार जास्त टोचते.