शॉटगनच्या काडतुसाची रिकामी पुंगळी पुन्हा भरण्याआधी

पुंगळ्या रंगावरून नव्हे, आतली रचना पाहून वेगळ्या करा. रेमिंग्टन कंपनीच्या एसटीएससारखी पुंगळी एकसंध असते, आत खाली निमुळती होते. फियोकी किंवा चेडाइट या कंपन्यांच्या सरळ नळीच्या पुंगळीत तळाचा वॅड, म्हणजे बुडाशी बसणारा गट्टू, वेगळा बसवलेला असतो. बाहेरून दोन्ही १२ बोअर (जाडीचं माप), ७० मिमी लांब. आतली जागा मात्र निराळी. त्यामुळे एकीचं बंदुकीच्या दारूचं माप दुसरीत वापरलं तर दाब धोकादायक वाढू शकतो. काडतूस भरण्याच्या मापांच्या छापील तक्त्यात नेमकी तीच पुंगळी दिलेली असेल तरच भरा.

मग एकेक उजेडात धरून तपासा. तोंडाच्या घड्या, सहा असोत वा आठ, चिरल्या की बंद नीट बसत नाही आणि छरे गळतात. जळकी भोकं किंवा धातूच्या बुडाला तडा दिसला तर लगेच फेका. नवा प्रायमर (दारू पेटवणारी बुडातली टोपी) अगदी सैल बसत असेल तर तीही बाद.

सगळ्यात महत्त्वाचा तळाचा वॅड: बोथट लाकडी काडीने दाबून पाहा. हलला तर पुंगळी नकोच, कारण सुटलेला वॅड बंदुकीच्या नळीत अडकला तर पुढचा बार उडवताना नळी फुटू शकते.

ओल्या पुंगळ्या पूर्ण वाळवूनच भरा.