रोमान्स भाषांमधील ऑनर्स प्रबंध : या चुका टाळा

अमेरिकेतील विद्यापीठांत फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज किंवा इटालियन अशी एखादी रोमान्स, म्हणजे लॅटिनपासून निघालेली, भाषा हा मुख्य विषय घेतलेल्या विद्यार्थ्याला पदवीच्या चौथ्या वर्षी ऑनर्स प्रबंध लिहिता येतो. प्रिन्स्टनमध्ये कला शाखेच्या आणि ओरेगनमधील रीड कॉलेजात सगळ्याच विद्यार्थ्यांना असा प्रबंध लिहावाच लागतो. इतर बहुतेक ठिकाणी तो ऐच्छिक असून त्यासाठी मुख्य विषयातील गुणांची अट, लेखी प्रस्ताव आणि मार्गदर्शकाची संमती लागते. आपल्याकडेही नव्या चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमात पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्यांना चौथ्या वर्षी संशोधनाचा पर्याय खुला झाला आहे, त्यामुळे फ्रेंच घेऊन बी.ए. करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यालाही पुढील गोष्टींचा उपयोग व्हावा.

असे प्रबंध भाषा कच्ची असल्यामुळे फसतात, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो मला पटत नाही. भाषेचे दोष शेवटच्या महिन्यातही काढता येतात. परंतु आपल्या हातातला पुरावा कोणत्या आवृत्तीतला आहे, कोणत्या संग्रहातून आला आहे आणि कोणाच्या परवानगीने मिळवला आहे, हे ज्याने सुरुवातीलाच तपासले नाही, त्याचा प्रबंध ऐन लिखाणाच्या दिवसांत खचतो, आणि तेव्हा डागडुजीला वेळ उरलेला नसतो.

विषय म्हणजे प्रश्न नव्हे

‘लॅटिन अमेरिकी कादंबरीतील स्मृती’ हा विषय आहे, आणि त्यावर माणसे आयुष्य घालवतात. पदवीच्या प्रबंधाला प्रश्न लागतो, आणि प्रश्न खरा आहे की नाही याची एक सोपी कसोटी म्हणजे त्याचे उत्तर ‘नाही’ असेही येऊ शकले पाहिजे. यादवी युद्ध संपल्यावर १९३९ पासून स्पेनमधील हजारो निर्वासित मेक्सिकोत गेले आणि तेथे त्यांनी स्वतःची नियतकालिके चालवली. दुसऱ्या महायुद्धात दोस्तराष्ट्रे जिंकली की स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याची राजवटही कोसळेल, ही त्यांची आशा १९४५ नंतर फोल ठरली. मग या नियतकालिकांत मायदेशी परतण्याविषयीची भाषा १९४५ नंतर बदलली का? हा प्रश्न दोन-तीन नियतकालिकांचे अंक घेऊन तडीस नेता येतो, आणि उत्तर काहीही आले तरी प्रबंध उभा राहतो. एखादा गाजलेला फ्रेंच सिद्धान्त आधी निवडून त्याला साजेसे पुस्तक शोधणे ही याच चुकीची दुसरी तऱ्हा आहे. तिच्यात निष्कर्ष पहिल्या पानावरच ठरलेला असतो.

कोणती आवृत्ती वाचत आहात?

या चुकीकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, म्हणून तिच्यावर थोडे रेंगाळतो. सोळाव्या शतकातील फ्रेंच लेखक माँतेन याच्या ‘एसे’ या निबंधसंग्रहाची पहिली आवृत्ती १५८० मध्ये निघाली. १५८८ मध्ये त्याने तिसरा खंड जोडला आणि आधीच्या दोन खंडांत शेकडो ठिकाणी भर घातली. त्यानंतर १५९२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो १५८८ च्या छापील प्रतीच्या समासांत लिहीत राहिला; ती प्रत आज बोर्दो येथे जतन केलेली आहे. अभ्यासाच्या अनेक आवृत्त्यांत हे तीन थर ए, बी, सी या अक्षरांनी दाखवतात, पण स्वस्त आवृत्त्यांत आणि बहुतेक इंटरनेटवरच्या पाठांत ही अक्षरे गाळलेली असतात.

आता मैत्रीवरील निबंध घ्या. आपला मित्र ला बोएसी याच्यावर आपण का प्रेम केले, याचे माँतेनने दिलेले उत्तर जगभर उद्धृत होते : कारण तो तो होता, कारण मी मी होतो. ला बोएसी १५६३ मध्ये वारला. म्हणून विद्यार्थी हे वाक्य ताज्या शोकाचा उद्गार म्हणून वाचतो आणि त्यावर एक प्रकरण रचतो. प्रत्यक्षात १५८० च्या छापील निबंधात हे उत्तर नाहीच. तेथे एवढेच म्हटले आहे की याचे कारण सांगता येत नाही. प्रसिद्ध शब्द बोर्दोच्या प्रतीच्या समासात, म्हणजे मित्र जाऊन पाव शतक उलटल्यावर लिहिलेले आहेत, आणि तेही एका बैठकीत नाहीत : पहिला अर्धा भाग आधी आणि दुसरा नंतर, वेगळ्या शाईने. ज्याने हे पाहिले त्याच्या हाती शोकापेक्षा कितीतरी चांगला विषय लागतो, आणि ज्याने पाहिले नाही त्याचे प्रकरण परीक्षकाच्या एका प्रश्नात संपते. त्यातही बोर्दोची प्रत आणि १५९५ ची मरणोत्तर आवृत्ती यांचे पाठ जागोजागी वेगळे आहेत, आणि आजचे संपादक कधी हिला तर कधी तिला प्रमाण मानतात. म्हणून प्रस्ताव देण्यापूर्वीच मार्गदर्शकाशी बोलून एक आवृत्ती नक्की करावी, ती का निवडली हे प्रस्तावनेत लिहावे आणि पृष्ठांक शेवटपर्यंत तिचेच द्यावेत.

गोव्यामुळे पोर्तुगीजकडे वळलेल्या मराठी विद्यार्थ्याने ही काळजी दुप्पट घ्यावी. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले, परंतु त्या आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. आपण वाचतो तो पाठ नंतरची हस्तलिखिते आणि १९०७ ची मंगळूरची आवृत्ती यांच्यावर आधारलेला आहे. त्यामुळे ‘१६१६ मध्ये स्टीफन्स हा शब्द वापरतात’ असे विधान करण्यापूर्वी थांबावे. शिवाय ख्रिस्तपुराण मराठीत आहे, आणि रोमान्स भाषा विभागाला प्रबंधाच्या मुळाशी रोमान्स भाषेतला ग्रंथ हवा असतो. १६४० मध्ये छापलेले कोकणीचे व्याकरण त्यांनी पोर्तुगीजमध्ये लिहिले होते, ते या दृष्टीने अधिक सोयीचे आहे. लिस्बन आणि गोवा यांच्यात मोसमी जहाजांबरोबर चाललेल्या पत्रव्यवहाराच्या बाडांवर काम करण्याचा मोह अनेकांना होतो, आणि तो रास्तही आहे. मात्र त्यांतली काही बाडे पणजीच्या पुराभिलेखागारात तर काही लिस्बनच्या तोर्रे दु तोंबूत, म्हणजे पोर्तुगालच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, आहेत, आणि सतराव्या शतकातले पोर्तुगीज हस्ताक्षर वाचायला शिकण्यातच एक सत्र जाते.

आकडे मोजण्यातली फसगत

भाषाविज्ञानाचा प्रबंध लिहिणाऱ्यांना वाटते की आवृत्त्यांची भानगड फक्त साहित्यवाल्यांची. वस्तुतः तीच अडचण त्यांच्यापुढे वेगळ्या रूपात येते. स्पॅनिशमध्ये अपूर्ण भूतकाळाच्या सब्जंक्टिव्हची (इच्छा, शंका, अट दाखवणाऱ्या क्रियारूपाची) दोन रूपे आहेत, ‘कान्तारा’ आणि ‘कान्तासे’. दुसरे रूप मागे पडत आहे का, हे पाहण्यासाठी विद्यार्थी स्पेनच्या रॉयल अकादमीचे दोन भाषासंग्रह, म्हणजे शब्द शोधता येणारे मजकुरांचे साठे, उघडतो : १९७५ ते २००४ चा ‘क्रेआ’ आणि २००१ पासूनचा ‘कोर्पेस’. नव्या संग्रहात ‘कान्तासे’चे प्रमाण घटलेले दिसले, की तो ऱ्हासाचा आलेख काढून मोकळा होतो. पण ‘क्रेआ’मध्ये स्पेन आणि अमेरिका खंड यांचा वाटा निम्मा-निम्मा आहे, तर ‘कोर्पेस’मध्ये अमेरिका खंडाचा ७० टक्के आणि स्पेनचा ३० टक्के, आणि ‘-से’ रूप अमेरिका खंडात मुळातच कमी वापरले जाते. म्हणजे दिसणारी घट निदान काही अंशी काळाची नसून भूगोलाची आहे. उपाय साधा आहे : दोन्ही संग्रहांत फक्त स्पेन, किंवा फक्त मेक्सिको, असा एकच देश निवडून शोध घ्यावा, संख्या दर दहा लाख शब्दांमागे मांडाव्यात, आणि शोधाची तारीख व निवडलेले निकष परिशिष्टात नोंदवावेत, कारण ‘कोर्पेस’मध्ये भर पडत राहते आणि सहा महिन्यांनी तोच शोध तेच आकडे देईल असे नाही.

माणसांशी बोलून माहिती जमवायची असेल, तर विद्यापीठाच्या आयआरबी समितीची, म्हणजे मानवी सहभागावरील संशोधन तपासणाऱ्या मंडळाची, मंजुरी पहिल्या मुलाखतीच्या आधी लागते. मागाहून ती मिळत नाही. सुट्टीत टेक्सासमधल्या द्वैभाषिक कुटुंबांचे तासन्‌तास केलेले ध्वनिमुद्रण केवळ या एका कारणाने प्रबंधात वापरता येत नाही, आणि सहभागी अल्पवयीन असतील तर पालकांच्या संमतीचाही प्रश्न उभा राहतो. काही प्रकारच्या मौखिक इतिहासाला या तपासणीतून सूट असते. ती आपल्याला लागू आहे की नाही हे मंडळाने ठरवायचे असते, विद्यार्थ्याने नव्हे.

पुस्तक मिळत नाही, तेव्हा

निम्म्या वेळा पुस्तक असते, पण शोध चुकीच्या नावाखाली चाललेला असतो. स्पॅनिश लेखकाची दोन आडनावे पहिल्यापासून लावतात. गार्सिया मार्केझ ‘गार्सिया’खाली सापडतो, ‘मार्केझ’खाली नाही. पोर्तुगीजमध्ये सामान्यतः शेवटचे आडनाव धरतात, पण अपवादांचा सुकाळ आहे : ब्राझीलच्या ग्रंथसूचींत तेथील कादंबरीकार माशादु द आसिस ‘आसिस’खाली असतो आणि अमेरिकी ग्रंथालयांत ‘माशादु’खाली. आपल्या संदर्भसूचीत कोणतीही एक पद्धत स्वीकारावी आणि ती मोडू नये. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे ‘गालिका’ आणि स्पेनच्या सरकारी अभिलेखागारांचे ‘पारेस’ ही दोन्ही संकेतस्थळे विनामूल्य आहेत. ती धुंडाळल्याशिवाय विमानाचे तिकीट काढू नये, आणि ‘पारेस’वर एखाद्या दस्तऐवजाची नोंद दिसली म्हणजे त्याची प्रतिमाही असेलच असे धरून चालू नये.

कोणत्या भाषेत लिहावे

काही विभाग इंग्रजीची मुभा देतात, काही अभ्यासाच्या भाषेचाच आग्रह धरतात. हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे. सगळे इंग्रजीत लिहून शेवटी फ्रेंच करण्याचा बेत मात्र आखू नये. तसे केल्याने काम दुप्पट होते, आणि युक्तिवादाचा सांगाडा इंग्रजीचाच राहिल्यामुळे व्याकरण बिनचूक असूनही वाक्ये परकी वाटतात. पहिला खर्डा मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये झाला तरी चालेल. मातृभाषा फ्रेंच असलेल्या मित्राकडून किंवा यंत्रानुवादाकडून किती मदत घेता येईल, याचे उत्तर मार्गदर्शकाकडून लेखी घ्यावे, कारण एकाच विभागातले दोन प्राध्यापक याविषयी वेगवेगळे मत बाळगून असतात.

मार्गदर्शक आणि वेळ

भाषांचे विद्यार्थी बहुधा तिसऱ्या वर्षी एक सत्र परदेशात असतात, आणि नेमक्या त्याच काळात मार्गदर्शक ठरवायचा असतो. निघण्यापूर्वी प्राध्यापकांना भेटून एकच गोष्ट आवर्जून विचारावी : पुढच्या वर्षी आपण संशोधन रजेवर तर नाही ना? हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, विशेषतः आपल्या मुलांना, परंतु प्राध्यापकांना त्यात काहीच वावगे वाटत नाही. मार्गदर्शक मध्येच बदलावा लागला, तर तोवरचे काम दोन पानांत मांडून नव्या मार्गदर्शकाला द्यावे. पूर्ण खर्डा पाठवला तर तो आठवडाभर तसाच पडून राहतो.

जानेवारीत लक्षात आले की आपलाच प्रश्न कुणीतरी आधी सोडवून ठेवला आहे, तर विषय बदलू नये. त्या लेखाचा पुरावा तपासावा : त्याने कोणती आवृत्ती वापरली, कोणत्या देशाचे आकडे घेतले, कोणती बाडे पाहिली नाहीत. तेथे फट सापडली तर तीच आपली जागा, आणि न सापडल्यास तोच निष्कर्ष दुसऱ्या ग्रंथाला लावून पाहता येतो. मुलाखती बाद झाल्या असतील, तर प्रसिद्ध झालेल्या भाषासंग्रहांवर तोच प्रश्न लहान करून विचारावा आणि व्याप्ती का घटली ते प्रस्तावनेत एका परिच्छेदात स्पष्ट सांगावे; परीक्षक तोंडी परीक्षेत त्याबद्दल विचारतातच, तेव्हा उत्तर आधी लिहिलेले असलेले बरे.